कवटीच्या एक्स-रेतले कोन एआय मोजेल, पण 'नॉर्मल' कुणाचं?

दातांना तारा लावण्याआधी ऑर्थोडॉन्टिस्ट अनेकदा डोक्याचा बाजूने एक्स-रे काढायला सांगतात. त्यावरचे ठरावीक बिंदू जोडून जबड्यांचे कोन मोजले जातात. पूर्वी हे काम ट्रेसिंग पेपर आणि कोनमापकाने व्हायचं. आता एआय सॉफ्टवेअर काही सेकंदांत बिंदू शोधतं.

पण मोजलेला कोन योग्य की अयोग्य, हे कशावरून ठरतं?

तुलनेचे आकडे जुने आहेत. विल्यम डाउन्स यांची 1948 ची पद्धत अवघ्या 20 गोऱ्या अमेरिकन मुलामुलींच्या मोजमापांवर आधारलेली होती. सेसिल स्टायनर यांच्या 1953 च्या पद्धतीत दोन जबड्यांमधला फरक दाखवणारा 'एएनबी' कोन साधारण 2 अंश असावा, असं मानतात. मात्र नाकाच्या मुळाशी असलेला बिंदू पुढेमागे असेल, तर जबडे जागेवर असूनही हा कोन बदलतो. म्हणूनच 1975 मध्ये ॲलेक्स जेकबसन यांनी 'विट्स' ही पूरक मोजणी मांडली.

चेहऱ्याची ठेवण समाजागणिक वेगळी असते. भारतातही निरनिराळ्या गटांसाठी स्वतंत्र प्रमाणं काढण्याचे अभ्यास झाले आहेत.

दात काढायचे की जबड्याची शस्त्रक्रिया करायची, या निर्णयात हे अंश मोजले जातात. त्यामुळे रिपोर्टमधला आकडा 'नॉर्मल'बाहेर दिसला, तर तुलना कोणत्या प्रमाणाशी केली, हे डॉक्टरांना जरूर विचारा.