पुढची शर्यत कधी?

जपानच्या युकी कावाउचीचं नाव निघालं की लोक आकडे सांगू लागतात. 2013 मध्ये अकरा मॅरेथॉन, त्यातल्या चार दोन तास दहा मिनिटांच्या आत. दोन तास वीस मिनिटांच्या आतल्या तर शंभराच्या वर. मग हमखास कुणीतरी म्हणतं, ‘वेडा आहे.’

मला तो वेडा वाटत नाही. मी बावीस वर्षं मुंबईतल्या एका रात्रशाळेत शिकवतो. कावाउचीही कित्येक वर्षं सैतामा प्रांतातल्या सरकारी शाळेत, संध्याकाळच्या वर्गांच्या कचेरीत नोकरी करत होता. दुपारी कामावर जायचं, रात्री घरी यायचं. हा दिनक्रम माझ्या अंगात मुरलेला आहे.

जपानचे बहुतेक अव्वल धावपटू कंपन्यांच्या संघांत असतात. तिथे प्रशिक्षक असतो, सोबती असतात, दिवसातून दोनदा सराव होतो. कावाउचीला फक्त सकाळ मोकळी असायची. एकट्यानं जीव तोडून पळणं किती जड जातं, हे मी पहाटे फाइव्ह गार्डन्सला फेऱ्या मारताना रोज अनुभवतो. त्यानं वाट काढली: आठवडाभर बरंचसं हलकं पळायचं आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीत उतरायचं. शर्यत हाच कसून सराव. डिसेंबर 2013 मध्ये फुकुओका आणि होफू या मॅरेथॉन तो दोन आठवड्यांच्या अंतरानं पळाला, दोन्ही दोन तास नऊ मिनिटांच्या घरात. 1 जानेवारी 2018 ला अमेरिकेतल्या मार्शफील्डच्या कडाक्याच्या थंडीत मॅरेथॉन पूर्ण करणारा तो एकटाच होता; वेळ 2:18:59. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बोस्टनला गारठा, मुसळधार पाऊस आणि समोरून वारा असताना त्यानं अखेरच्या टप्प्यात जेफ्री किरुईला मागे टाकलं आणि जिंकला. तेव्हाही तो शाळेतच नोकरीला होता.

सगळ्यांनी इतकं पळावं असं मी सांगणार नाही. प्रत्येकाचे गुडघे वेगळे. पण त्याला इतक्या वेळा पळता आलं, कारण जपानात लहानसहान गावांतही शर्यती भरतात. आपल्याकडे हेच नाही. मोठ्या शहरांत वर्षातून एकदा थाटाची मॅरेथॉन होते. तिचा आनंद मलाही आहे, पण तिची फी माझ्या विद्यार्थ्यांना झेपत नाही. नगरपालिकांनी, तालुका क्रीडा संकुलांनी दर महिन्याला पाच-दहा किलोमीटरची शर्यत घ्यावी. नाममात्र फी, नीट मोजलेलं अंतर, नोंदलेली वेळ आणि पाण्याची सोय, एवढं पुरे. टी-शर्ट नको, पदक नको, मंचावर पाहुणे तर नकोतच.

माझ्या वर्गातला एक मुलगा दिवसभर पार्सलं पोचवतो. गेल्या हिवाळ्यात एका फुकट शर्यतीत तो दहा किलोमीटर 38 मिनिटांत पळाला. दुसऱ्या दिवशी तास सुरू व्हायच्या आधीच माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. ‘सर, पुढची कधी?’ दोघांनी मिळून मोबाइलवर शोधलं. त्याला परवडेल आणि त्याच्या सुट्टीच्या दिवशी येईल अशी शर्यत अकरा महिन्यांनी होती.