कोयत्याचे पाणी उतरते कुठे?

ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यालाच आपल्याकडे 'एक कोयता' म्हणतात. मजुरी टनावर, धार गेली की दिवस गेला. गावचा लोहार ट्रकच्या जुन्या पाट्याचा कोयता घडवून त्याला पाणी देतो. पाणी जास्त बसले तर खांडे पडतात, कमी बसले तर धार वळते. आता बरेच जण मशीनच्या पट्ट्यावर धार काढतात. वेळ वाचतो खरा. पण दाबून घासताना धार निळी पडली, की पाणी उतरलेच समजा! पाते वरचेवर पाण्यात बुडवा, हात हलका ठेवा. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत लोहाराला अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत ठेवली आहे. पहिली पडताळणी ग्रामपंचायतीतच होते. सरपंचांनो, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनो, अर्ज तिथेच अडला तर लोहाराचा भाता पेटणार कसा?