जीपचं स्टेअरिंग थरथरतं तेव्हा



गेल्या खेपेला आपण कुकरच्या रिंगा आणि शिट्ट्यांवर बोललो. आज पदर खोचून जरा अंगणात येऊ या. शेतीवाडी असलेल्या पुष्कळ घरांत अजून जुनी जीप आहे. आमच्याकडे मामंजींची १९८६ सालची आहे. तिच्यावर त्यांचा मुलांइतकाच जीव!

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही तिच्यातूनच कऱ्हाडहून चिपळूणला माझ्या माहेरी निघालो होतो. पाटण मागे पडलं आणि एका मोरीवर पुढचं चाक खड्ड्यात आदळलं. वेग फार नव्हता, पंचेचाळीस-पन्नास असेल. पण स्टेअरिंग डावी-उजवीकडे असं काही झटके मारायला लागलं की बॉनेटसुद्धा हादरत होतं. ह्यांनी घाबरून करकचून ब्रेक दाबला, तर ते आणखीच वाढलं. मागे धाकटी रडायला लागली. गाडी अगदी हळू झाली तेव्हा कुठे ते आपोआप थांबलं. पुढे कुंभार्ली घाट होता. तो कसा उतरलो ते आमचं आम्हाला ठाऊक.

परत आल्यावर एका गॅरेजवाल्याने सांगितलं, चारही टायर बदला. दुसरा म्हणाला, डॅम्पर बसवा, थरथर दिसणार नाही. मामंजी एवढंच म्हणाले, "विकून टाका. पोरांच्या जिवापेक्षा जीप मोठी नाही." म्हणाले खरं, पण त्या रात्री ते जेवले नाहीत.

माझ्या शाळेच्या वाटेवर एक वयस्कर मिस्त्री बसतात. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, आधी दुखणं शोधा, मग औषध." मग त्यांनी जे दाखवलं, ते आपल्यालाही घरी पाहता येतं.

पहिला प्रश्न, थरथर कधी येते? सत्तर-ऐंशीच्या वेगाला स्टेअरिंग नुसतं बारीक कापत असेल आणि वेग बदलला की जात असेल, तर बहुधा चाकांचं बॅलन्सिंग बिघडलेलं असतं किंवा रिम वाकलेली असते. पुढची चाकं मागे नि मागची पुढे लावून बघा. थरथर बदलली तर दोष चाकातच. ह्याला पैसाही पडत नाही. आम्ही केलं, काही फरक पडला नाही. म्हणजे टायर बिचारे निर्दोष!

पण खड्ड्यात आदळल्यावर सुरू होणारी आणि गाडी हळू केल्याशिवाय न थांबणारी थरथर वेगळी. मिस्त्री लोक तिला वॉबलिंग म्हणतात. मॉलमधल्या ढकलगाडीचं एखादं चाक फडफडतं ना, तसंच हे. कुठेतरी सांधा ढिला झालेला असतो. धक्का बसला की चाक त्या ढिलाईत इकडेतिकडे आपटतं आणि प्रत्येक आपटीने पुढचीला जोर मिळतो.

आता तपासणी. गाडी सपाट जागी, गिअरमध्ये, हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना दगड लावून उभी करा. इंजिन बंद. एकाने आत बसून स्टेअरिंग थोडंसंच, घड्याळातल्या अकरापासून एकपर्यंत, डावी-उजवीकडे हलवायचं. दुसऱ्याने पुढून वाकून बॅटरीच्या उजेडात दांड्यांचे सांधे बघायचे. दांडी हलते पण तिच्या टोकाला जोडलेला भाग मागाहून हलतो, असं दिसलं की तो टाय रॉडचा बॉल जॉइंट गेला समजा. काही जुन्या जीपांत मधोमध बेलक्रँक असतो, त्याची पिन झिजते; तीही पाहा. मी हे केलं तेव्हा सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. "साडी तरी बदलायची होतीस," म्हणाल्या. खरं होतं ते! ग्रीसचा डाग अजून गेलेला नाही.

उजवीकडचा जॉइंट ढिला निघाला. पण मिस्त्री तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढचं चाक जॅकवर उचलून त्यांनी अॅक्सलखाली घोडा ठेवला. (नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालू नका, घालूही देऊ नका.) चाक वर-खाली धरून हलवलं, तर कटकट लागली. ही ढिलाई दोन ठिकाणची असू शकते: चाकाचं बेअरिंग किंवा किंगपिनचं. ओळखायची युक्ती मला फारच आवडली. आत कोणीतरी ब्रेक दाबून धरायचा नि पुन्हा हलवायचं. कटकट गेली तर चाकाचं बेअरिंग, राहिली तर किंगपिन. आमची राहिली.

अॅक्सलच्या टोकाला जो मोठा गोळा असतो, त्याच्या वर-खाली ही बेअरिंगं असतात. टोपीखाली शिम म्हणजे पातळ चकत्या असतात. त्या कमी-जास्त करून बेअरिंग घट्ट बसवतात. आमच्या जीपमधली झिजली होती म्हणून नवीच घातली. चाकं वळायला हलकी लागतात म्हणून खूश होऊ नका. इथे थोडा घट्टपणा हवाच.

डॅम्परचं म्हणाल तर तो वाईट नाही, पण सांधे तपासल्याशिवाय बसवणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीला चुना लावणं. पाट्यांचे बुश आणि यू-बोल्टही बघून घ्या. कोणी गाडी उंच करायला लांब शॅकल लावले असतील तर किंगपिनचा मागे असलेला कल कमी होऊ शकतो. सायकलचा पुढचा चिमटा तिरपा असतो ना, तसा हा कल चाक सरळ ठेवतो. ते अलाइनमेंटवाल्याकडून मोजून घ्यावं.

आणि वाटेतच असं झालं तर? स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरा, पण अंगठे आतल्या आऱ्यांत अडकवू नका. झटक्याने दुखावतात. अॅक्सिलरेटर सोडा, ब्रेक अगदी हलका, आणि कडेला घ्या.

खर्च टायरांच्या निम्म्याहून कमी आला. माझ्या दोन महिन्यांच्या पगारात बसला. पहिल्या फेरीला मामंजी पुढे बसले, त्याच मोरीवरून नेलं. दोनदा.

एक राहिलंच. बॉल जॉइंटच्या नटात जी स्प्लिट पिन असते, ती काढली की नवीच घालायला सांगा. पाच-दहा रुपयांची वस्तू आहे. सरळ करून परत घातलेली जुनी पिन चालवून घेऊ नका.