शिळावर्तुळांना चमत्कार नको, नोंद हवी

परदेशात प्राचीन दगडी दफनस्थळांचे अतिनील फोटो दाखवून ‘गूढ ऊर्जे’चे दावे होतात. वास्तव साधे आहे. अतिनील प्रकाशात काही खनिजे, दगडफूल चमकते. जमिनीखालची हाडे दिसत नाहीत.

नागपूरजवळ जुनापाणीला सुमारे 300 लोहयुगीन शिळावर्तुळे आहेत. रिव्हेट-कार्नॅक यांनी 1879 मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध केली. दगडांवर कोरलेले वाटीसारखे खळगे तिरप्या उन्हात मोबाईलवरही टिपता येतात.

केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर बांधकामबंदी असते. नोंदच नसलेल्या वर्तुळांना हे कवच कुठून मिळणार? ‘ही आपलीच’ असा घाईचा दावाही नको. बाबासाहेबांनी पुराव्यानिशी बोलायला शिकवले. मित्रांनो, दगड न हलवता फोटो, ठिकाण, तारीख नोंदवा आणि पुरातत्त्व खात्याला लेखी कळवा.