गळती बॅटरीत की वाटेत?

आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत संध्याकाळी दहावी-बारावीची मुले बसतात. बहुतेकांच्या घरी एकच खोली, त्यातच टी.व्ही., त्यातच स्वयंपाक. लाइट गेली की त्यांचा अभ्यास बुडू नये म्हणून आम्ही वर्गणी काढून १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या बसवल्या. एक संपली तर दुसरी आहेच, असा आमचा हिशोब. पण ऐन परीक्षेच्या आठवड्यात तासाभरातच दिवे विझले. दुकानदार म्हणाला, "बॅटऱ्या गेल्या, नव्या घ्या." पुन्हा वर्गणी कोणत्या तोंडाने मागायची?

वस्तीतलाच आय.टी.आय. केलेला एक मुलगा मीटर घेऊन आला. बॅटरीजवळ १२.४ व्होल्ट, दिव्याजवळ १०.९. तो म्हणाला, "काका, बॅटरी चांगली आहे. माल वाटेत सांडतोय." आमच्या दिव्यांचे सर्किट ११ व्होल्टच्या खाली बंद पडते. म्हणजे बॅटरीत वीज शिल्लक असूनही मुले अंधारात!

आम्ही पडलो बी.कॉम. म्हणून त्याला म्हटले, "बाळा, खर्चाच्या बाजूला काय काय आहे ते एकेक सांग." मग वाटेतला दीड व्होल्ट असा निघाला.

पहिला खर्च डायोडचा. दोन बॅटऱ्या थेट जोडल्या तर भरलेली बॅटरी रिकामीत ओतली जाते. ते टाळण्यासाठी प्रत्येकीच्या वाटेत डायोड घालतात. तो वीज एकाच दिशेने जाऊ देतो, पण प्रत्येक वेळी वटणावळ कापून घेतो. आमचे दिवे ३ अँपिअर घेतात. त्यावर साधा सिलिकॉन डायोड सुमारे ०.९ व्होल्ट खातो, म्हणजे २.७ वॅटची नुसती उष्णता. शॉटकी डायोड साधारण ०.५ व्होल्टवर भागवतो. मात्र तो तापला की त्यातून उलटी गळती वाढते.

सर्वांत कमी खातो मॉस्फेट. त्याचा रोध २० मिलिओहम असेल, तर ३ अँपिअरला घट फक्त ०.०६ व्होल्ट. पण नुसता मॉस्फेट जोडून चालत नाही. दोन्ही बाजूंचे व्होल्टेज पाहून त्याला वेळेवर बंद करणारे नियंत्रक सर्किट हवे. नाहीतर एक बॅटरी दुसरीत रिकामी होईल. ही जोडी 'आयडियल डायोड' नावाने तयार मिळते. घेताना ती स्वतः किती मिलिअँपिअर खाते तेही विचारावे. ५ मिलिअँपिअर क्षुल्लक वाटतात, पण महिन्याला ते ३.६ अँपिअर-तास होतात.

दुसरा खर्च वायरीचा. इथे चूक आमची. स्वस्त म्हणून आम्हीच १ चौरस मिलिमीटरची वायर आणली होती. जाऊन-येऊन १२ मीटर, त्यात सुमारे ०.६ व्होल्ट गेले. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत तीच घट पाव व्होल्टच्या आसपास येते.

डायोड आणि वायर मिळून साडेचार वॅट वाटेतच जळत होते. ३६ वॅटच्या दिव्यांसाठी हा आठवा हिस्सा झाला. आता वायर बदलली, डायोडच्या जागी आयडियल डायोड आला आणि प्रत्येक बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज बसला. वाटेतली घट तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही खाली आली. बॅटऱ्या त्याच आहेत आणि मुले रात्री दहापर्यंत बसतात.

वाचक बंधू-भगिनींनो, घरात किंवा मंडळात असा बॅकअप असेल, तर नवी बॅटरी घेण्याआधी दिवे चालू ठेवून दोन्ही टोकांना मीटर लावा. जिथे फरक दिसेल तिथेच पैसा घाला. वर्गणीचा रुपया कष्टाचा असतो, तो वाटेत जाळू नये.