परतलेल्यांचे काय?

आश्रय नाकारलेल्या माणसाला मायदेशी धाडताना त्याच्या हातावर काही पैसे ठेवावेत की नाही, यावर युरोपात वर्षानुवर्षे वाद चालला आहे. 30 ऑगस्ट 2024 रोजी जर्मनीने 28 अफगाणांना लाइपझिगहून विमानात बसवून काबूलला पाठवले. सगळे गुन्ह्यात शिक्षा झालेले. तरी प्रत्येकाला 1000 युरो दिले. तिकडे बोंब झाली की गुन्हेगारांना बक्षिसे कशाला वाटता? पण माणूस रिकाम्या हाताने परत पाठवला तर न्यायालय ती पाठवणीच अडवील, हा हिशेब सरकारला पक्का ठाऊक होता.

नांदेडात बसून ही बातमी वाचताना आम्हाला राग आला, पण तो जर्मनीचा नव्हता. आमच्या आजी-आजोबांच्या पिढीला परत येताना काय मिळाले, हे आम्ही कधी विचारलेच नाही, याचा तो राग होता.

13 सप्टेंबर 1948 ला पोलीस ॲक्शन सुरू झाली आणि 17 ला निजामाने हार मानली. आपल्या घरांतल्या म्हाताऱ्या बाया अजूनही ‘ॲक्शनच्या साली’ असे म्हणून लग्ने आणि बाळंतपणे मोजत. त्या साली लातूर, औसा, उदगीर, कंधार, देगलूर या भागांतून मुसलमान कुटुंबे जीव मुठीत धरून हैदराबादच्या वाटेला लागली. कोणी रेल्वेने, कोणी बैलगाडीने, बरेचसे पायी. ज्यांच्या गाठीला पैसा होता, त्यांतले काही तिथून कराचीला गेले. राहिले ते आपले पिंजारी, बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन. हैदराबादेत या गर्दीला कोण किती दिवस पोसणार? एक-दोन वर्षांत त्यांतले कितीतरी जण मागे फिरले. घराला दार राहिले नव्हते, दुकानात दुसराच बसलेला होता आणि शेत कोणीतरी पेरलेले होते.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांचे शिष्टमंडळ 29 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर 1948 या काळात संस्थानात फिरले. सोळापैकी नऊ जिल्हे त्यांनी पाहिले, शेकडो माणसांच्या जबान्या घेतल्या. किमान 27 ते 40 हजार माणसे मारली गेली, असा त्यांचा अंदाज होता. सर्वाधिक होरपळलेले चार जिल्हे त्यांनी नावानिशी सांगितले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबादेत होते, उदगीर-निलंगा बीदरमध्ये. लातूर ही कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी पेठ. तिथे वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालली आणि दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार उरलेले दिसले, असे अहवालात आहे. हजाराहून अधिक मारले गेले होते, बाकीचे पळाले होते.

या पळालेल्यांचे पुढे काय झाले? जी मदत निघाली, ती दया म्हणून निघाली. हक्क म्हणून कोणी काही मोजले नाही. खरी मेख इथेच आहे. फाळणीनंतर देशाने निर्वासितांसाठी कायदे केले आणि ते करायलाच हवे होते. पण 1954 च्या भरपाईच्या कायद्यात ‘विस्थापित’ म्हणजे पाकिस्तानात गेलेल्या मुलखातून आलेला माणूस. 1950 च्या कायद्यात ‘निष्क्रांत’ म्हणजे मुख्यतः पाकिस्तानात निघून गेलेला. आमचा पिंजारी लातूरहून हैदराबादला गेला आणि हैदराबादहून लातूरला परत आला. तो ना इकडचा विस्थापित, ना तिकडचा निष्क्रांत. कागदावर तो कुठे गेलाच नव्हता, मग परत येण्याचा प्रश्नच कुठे!

आता नेहमीचा सवाल येईल : आणि रझाकारांनी केले त्याचे काय? रझाकारांनी जुलूम केले. गावे जाळली, माणसे मारली. शोएबुल्ला खान या मुसलमान संपादकाचाही ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत खून पाडला. हे आम्ही कधी नाकारलेले नाही, नाकारणाऱ्याच्या पंगतीला आम्ही बसणारही नाही. रझाकारांनी लुटलेल्या प्रत्येक हिंदू घराचीही मोजदाद व्हावी. पण कासीम रझवीची करणी औशाच्या बागवानाच्या खात्यावर का मांडायची? त्याच अहवालात हिंदू विणकरांनी स्वतःचे प्राण देऊन आपल्या मुसलमान सोबत्यांना वाचवल्याचीही नोंद आहे. त्या विणकरांना हा हिशेब बरोबर कळला होता.

दुसरा सवाल : इतक्या जुन्या गोष्टी आता कशा मोजणार? तर याच लातूर जिल्ह्याने मोजणी कशी असते ते साऱ्या देशाला दाखवले आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सरकार आले, पंचनामे झाले, जागतिक बँकेचे कर्ज आले, पन्नासहून अधिक गावे नव्या जागी वसवली गेली. त्यात चुकाही झाल्या. घरे गावकऱ्यांच्या राहणीला मानवली नाहीत, ही तक्रार तर आजही ऐकू येते. पण तुझे घर पडले, ते उभे करून देणे आमचे काम आहे, हे सरकारने मान्य केले. जमीन हलली म्हणून घर पडले तर पंचनामा, आणि शेजारच्या गावचा जमाव आला म्हणून पडले तर विसरून जा!

कागद सापडत नाहीत, ही सबबही आता संपली आहे. सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. मराठवाड्यातली निजामकालीन दफ्तरे कुणबी नोंदींसाठी उघडली गेली, उर्दू आणि मोडी वाचणारे शोधले गेले. आपल्या हक्काचा कागद शोधणाऱ्यांबद्दल आमची काहीच तक्रार नाही. आमचे म्हणणे इतकेच की ते कपाट उघडलेच आहे, तर आणखी चार बस्ते काढा. 1948 आधीचे उतारे आणि 1954-55 चे खासरा पत्रक शेजारी शेजारी ठेवा. मधल्या सहा वर्षांत कोणाचे नाव गेले आणि कोणाचे चढले, ते दिसेल.

बोट सरकारकडे दाखवताना चार बोटे आपल्याकडेही वळतात. सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत. आठवा इब्नुस्सबील, म्हणजे वाटसरू. फुकहांनी त्याचा अर्थ नीट उलगडून ठेवला आहे : घरी तो कितीही सुखवस्तू असो, वाटेत अडकला असेल तर घरी पोहोचण्यापुरते त्याला द्या. ते त्याचे हक्काचे आहे, भीक नाही. जर्मनीचे 1000 युरो आणि हा हुकूम यांत फार अंतर नाही. पण दर रमजानला जकातीच्या पावत्या फाडणाऱ्या आपल्या किती अंजुमनांनी या आठव्या हकदाराकडे पाहिले? मदरशाची गच्ची आणि मशिदीचा मिनार यांसाठी पैसा जमतो. आखातात काम सुटून, पासपोर्ट मालकाकडे अडकून, कर्जाचा बोजा घेऊन नांदेडच्या स्टेशनावर उतरलेल्या पोराला मात्र आपण पहिल्यांदा विचारतो, “काय आणलेस?”

आणि आपले साहित्य? हैदराबादच्या हवेल्या, शेरवान्या, मुशायरे यांवर आपण मन लावून लिहिले. हैदराबादेत सहा महिने कोणाच्या ओसरीवर काढून परत आलेल्या आणि पूर्वी स्वतःच्या असलेल्या शेतात मजुरीला गेलेल्या माणसावर किती पाने आहेत? त्याची लाज वाटली म्हणून लिहिले नसेल, तर निदान तसे कबूल करावे.

सुंदरलाल अहवाल सरकारने कित्येक दशके छापला नाही. उमर खालिदींच्या 1988 च्या पुस्तकात त्यातले उतारे आले, ए. जी. नूरानींनी 2013 मध्ये तो पुन्हा चर्चेत आणला. मराठवाडा मुक्तिसंग्रामाचे अमृत महोत्सवी वर्ष 2023 मध्ये पार पडले, कोट्यवधींच्या घोषणा झाल्या, स्मारकांवर रोषणाई झाली. त्या उत्सवात हा अहवाल मराठीत छापून वाटला असता तर कोणाच्या स्वातंत्र्यलढ्याला काय उणेपण आले असते? स्वामी रामानंद तीर्थांच्या लढ्याची उंची एवढी लहान आहे, असे आम्ही तरी मानत नाही.

पैशांची भरपाई मिळेल न मिळेल. ज्यांना ती द्यायची, त्यांतले बहुतेक कबरस्तानात आहेत. जे तेव्हा पाच-सहा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या पुढे गेले आहेत. येत्या रमजानच्या आधी आपल्या मोहल्ल्यातल्या अशा एकेका बुजुर्गाजवळ वही घेऊन बसा. गाव कोणते, घर कुठल्या गल्लीत, शेताचा सर्व्हे नंबर आठवतो का, कोणाबरोबर निघालात, कोणी लपवून ठेवले, परत आल्यावर पहिली रात्र कुठे काढली, हे विचारून लिहून घ्या. लपवून ठेवणाऱ्या हिंदू शेजाऱ्याचे नावही लिहा. एक प्रत घरी ठेवा आणि दुसरी अर्जासोबत तहसीलला देऊन पोचपावती घ्या.