दसऱ्याचे पुरण आणि घाईची विक्री

नवरात्रात माहूरगड यात्रेने फुलतो. दसऱ्यास घरोघरी पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडई होते. सण गोड व्हावाच. परंतु सोयाबीन याच सुमारास निघते. हमीभावाच्या खरेदीस ओलावा साधारणतः 12 टक्क्यांच्या आत लागतो. तितके वाळवण्यास धीर हवा. डाळगुळाच्या उधारीपायी ओलाच माल आडतीवर नेला, की भाव पडलाच! एका दिवसाच्या पुरणासाठी वर्षाची कमाई हलकी करावी काय?

आमचे सांगणे इतकेच. हरभरा व गहू शिमग्याच्या सुमारास आपल्याच रानात येतात. तेव्हाच सणापुरते धान्य बाजूस काढावे. ज्यांस रान नाही, त्यांनी सुगीतच हरभरा घेऊन ठेवावा. हा हिशेब घरच्या लक्ष्मीस विचारून करावा. पुरणास डाळ किती लागते, हे तिच्याइतके कोणास ठाऊक?